पोहणारें बीं



गेल्या आषाढांत मी चार दिवस वरोरला होतों. पश्चिम रेल्वेच्या वाणगांव स्टेशनावर उतरून समुद्राच्या दिशेनें निघालें म्हणजे चिंचणी आणि वाढवण यांच्या दरम्यान, डहाणू तालुक्याच्या किनाऱ्यावर हें गांव लागतें. एका अंगास समुद्र, दुसऱ्या अंगास भाताचीं खाचरें, आणि मातीखालीं काळा कातळ. लावणी नुकतीच आटोपली होती. एके दिवशीं संध्याकाळीं पाऊस उघडला तेव्हां माझी धाकटी भाची बांधाजवळच्या डबक्यांतून कांचेच्या पेल्यांत पाणी भरून घेऊन आली आणि म्हणाली, "मामा, हें बघा, बीं पोहतंय!"

मीं पेला दिव्यापुढें धरला. पाण्यांत तीन तऱ्हेचे जीव होते. एक मुगाच्या डाळीएवढा. दोन पातळ, पिवळसर शिंपल्यांच्या मध्यें त्याचें अंग मिटलेलें, आणि फटींतून केसांसारखे पाय सारखे हालत होते. दुसरा त्याहून पुष्कळ लहान, मोहरीच्या निम्म्यानें, पण तोहि दोन शिंपल्यांत बंद. गाळावरून तो घरंगळल्यासारखा चाले. तिसरा उड्या मारीत जाणारा, शेपटाशीं अंड्यांच्या दोन पिशव्या बाळगणारा. या तिसऱ्यास आज आपण सोडून देऊं. पहिल्या दोघांना पाहून कोणालाहि वाटेल कीं, हीं कालवांचीं पिलें असावींत. परंतु शिंपला हें केवळ सोंग आहे. आंतल्या प्राण्याला सांध्यासांध्यांचे पाय आहेत, मिशा आहेत. वाढतांना तो कात टाकतो. त्याची सोयरीक कालवाशीं नसून कोळंबीशीं आणि खेंकड्याशीं आहे. कवचधारी वर्गांतल्या या दोन बारीक कुळांना शास्त्रज्ञांनीं भारदस्त नांवें दिलीं आहेत, पहिल्यास कॉन्कोस्ट्रॅका आणि दुसऱ्यास ऑस्ट्रॅकोडा. ऐकणारांच्या सोयीसाठीं मी त्यांस थोरला शिंपलीवाला व धाकटा शिंपलीवाला असें म्हणणार आहें.

भाचीचा पुढचा प्रश्न मात्र अवघड होता. वैशाखांत ती याच घरीं राहिली होती, आणि तेव्हां याच खाचराला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. मग हे आले कोठून? पावसाबरोबर आभाळांतून पडले, असें शेजारच्या आजीबाईंनीं तिला सांगितलें होतें. वास्तविक ते कोठूनच आले नव्हते. ते तेथेंच होते. पाणी आटूं लागलें कीं या जीवांच्या माद्या जाड कवचाचीं बारीक अंडीं गाळांत टाकतात. चिखलाची माती होते, मातीची धूळ होते, वर ऊन तापतें, आणि अंडें आपलें स्वस्थ पडून असतें. एक उन्हाळा नव्हे, कित्येक वर्षें. वाऱ्यावर तें उडून जातें, बगळ्याच्या पायाच्या चिखलांतून दुसऱ्या गांवीं जातें. पाऊस पडला कीं कांहीं अंडीं फुटतात आणि कांहीं मुद्दाम मागें राहिल्यासारखीं तशींच राहतात. सावध शेतकरी सगळें बियाणें पहिल्याच सरीला पेरीत नाहीं, तसा हा प्रकार आहे. भाचीनें त्यांना बीं म्हटलें तें तिला वाटलें त्याहून अधिक खरें होतें.

आतां या दोघांच्या शिंपल्यांविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे, कारण पुढची सारी हकीगत त्यांवरच उभी आहे. थोरला काटकसरी आहे. कात टाकतांना तो शिंपला टाकीत नाहीं. जुन्याच्या कडेला नवी पट्टी जोडतो, त्यामुळें झाडाच्या बुंध्यांतल्या वलयांसारख्या रेघा त्यावर उमटतात. धाकटा उधळ्या आहे. तो प्रत्येक वेळीं शिंपल्यांची जोडी टाकून नवी करतो, आणि जन्मापासून प्रौढ होईपर्यंत असें आठ वेळां करतो. शिवाय त्याचा शिंपला चुन्याचा. म्हणजे एक धाकटा मेला कीं तळ्याच्या तळाशीं त्याच्या नांवानें लहानमोठ्या शिंपल्यांच्या नऊ जोड्या जमा होतात. एवढ्याशा जीवानें एवढा पुरावा मागें ठेवावा, हें भूगर्भशास्त्राचें मोठें भाग्यच म्हटलें पाहिजे. हाडांचे प्राणी हजारांत एखादा सांपडतो. यांचे सांगाडे चमचाभर गाळांत शेंकड्यांनीं मिळूं शकतात.

वरोरचा जो काळा कातळ मीं आरंभीं सांगितला, तोच महाराष्ट्राच्या बहुतेक भागाखालीं पसरला आहे. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं भूमीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून लाव्हारस बाहेर आला आणि थरावर थर सांचत गेला. दोन प्रवाहांच्या मध्यें मात्र कधीं कधीं हजारों वर्षांची उसंत मिळे. तेवढ्यांत थंड झालेल्या खडकावर पाऊस पडे, तळीं सांचत, पाणवनस्पति उगवत, गोगलगाई, मासे, बेडूक येत, आणि मग पुढचा प्रवाह येऊन सारें झांकून टाकी. झांकलें गेलें म्हणूनच तें राहिलें. या दोन प्रवाहांमधल्या पातळ थरांत, विशेषतः नागपुरच्या बाजूस, गारगोटीसारखा कठीण झालेला तळ्याचा गाळ सांपडतो आणि त्यांत धाकट्याचे शिंपले खच्चून भरलेले असतात.

ते प्रथम छापील शास्त्रांत आले १८४० सालीं. मद्रासच्या फौजेंतील माल्कमसन नांवाच्या डॉक्टरांनीं दख्खनच्या पूर्व भागांतून गोळा केलेले दगड लंडनला पाठविले होते. त्यांतल्या शिंपल्यांचें वर्णन सॉवर्बी यांनीं केलें. एकास त्यांनीं नांव दिलें सिप्रिस सबग्लोबोजा, म्हणजे जवळजवळ गोल असा सिप्रिस. पुढें मौज झाली ती अशी कीं, हिंदुस्थानांतल्या जिवंत तळ्यांत आणि भातखाचरांत असाच एक गोलसर धाकटा पुष्कळ दिसूं लागला, आणि प्राणिशास्त्रज्ञांनीं त्यालाहि तेंच नांव लावलें. आजहि त्या जिवंत जीवास सिप्रिस सबग्लोबोजाच म्हणतात. एक नांव, दोन धनी: एक पाण्यांत पोहणारा, दुसरा दगडांत बसलेला, आणि दोघांमध्यें साडेसहा कोटि वर्षें.

मुंबईच्या श्रोत्यांना फार दूर जाण्याचें कारण नाहीं. वरळी आणि मलबार हिल यांच्या खडकांखालीं असाच एक तळ्याचा थर आहे. वरळीच्या त्या थरांतल्या इवल्याशा बेडकांचें वर्णन ओवेन यांनीं १८४७ मध्यें केलें, आणि मुंबई बेटाच्या भूगर्भाचा पहिला मोठा निबंध डॉ. हेन्री कार्टर यांनीं १८५२ सालीं लिहिला. हा थर विदर्भांतल्या थरांहून थोडा अलीकडचा, असें आतांचें मत आहे. कार्टर हे व्यवसायानें वैद्य. मुंबईच्या तलावांतले गोड्या पाण्यांतले स्पंजहि त्यांनींच सूक्ष्मदर्शकाखालीं घालून पाहिले होते. जो जिवंत पाणी पाहतो त्यालाच दगडांतलें पाणी दिसतें, असें मला वाटतें. आणि या गोष्टीचें याहून मोठें उदाहरण नागपुरांत आहे.

रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी १८४५ सालीं नागपुरास आले. त्यांच्या नांवाचें कॉलेज नागपुरकरांना ठाऊक आहेच. धर्मप्रसार आणि शाळा हें त्यांचें काम. परंतु त्यांना आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांना दगडांचा नाद लागला. सीताबर्डीची टेकडी, टाकळीचें मैदान, असें हिंडत हिंडत त्यांनीं जमविलेल्या जीवाश्मांचा निबंध १८५५ सालीं लंडनच्या भूगर्भसंस्थेच्या नियतकालिकांत आला. यांतले धाकट्याचे शिंपले रूपर्ट जोन्स या तज्ज्ञाकडे गेले आणि त्यांचें वर्णन १८६० सालीं प्रसिद्ध झालें.

नागपुरच्या दक्षिणेस, जुन्या चांदा मुलखांत, मांगली नांवाचें खेडें आहे. तेथले खडक लाव्हाच्या किती तरी आधींचे, सुमारें पंचवीस कोटि वर्षांपूर्वींचे. महाराष्ट्राला तेव्हां समुद्रकिनारा नव्हता. दक्षिण गोलार्धांतल्या एका अखंड महाखंडाच्या पोटांत हा भाग दडलेला होता. तेथून हिस्लॉप यांना चपट्या डोक्याच्या एका पुरातन उभयचराची कवटी मिळाली. ओवेन यांनीं १८५५ मध्यें तिला ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स असें नांव दिलें. कवटीचा बोभाटा झाला, आणि तो होणारच. परंतु त्याच मांगलीच्या खडकांत मसुरीसारखे चपटे, वलयांकित ठसे होते. ते थोरल्याचे. जोन्स यांनीं १८६२ सालच्या आपल्या ग्रंथांत त्यांचें नांव ठेविलें एस्थेरिया मांगलिएन्सिस. सिरोंच्याजवळ प्राणहितेच्या कांठीं कोटा येथें ज्युरासिक काळाच्या थरांत सांपडलेल्या दुसऱ्या एका थोरल्याला त्याच ग्रंथांत एस्थेरिया कोटाहेन्सिस हें नांव मिळालें.

हिस्लॉप एवढ्यावर थांबते तर ते एक उत्तम संग्राहक म्हणून राहिले असते. पण नागपुरच्या पाण्यांतले जिवंत कवचधारीहि ते जमवून विलायतेस धाडीत होते. ब्रिटिश म्यूझियममधील विल्यम बेअर्ड यांनीं १८५९ सालीं त्यांचें वर्णन केलें, आणि त्यांतल्या एका लहानशा, गोलसर थोरल्याला नांव दिलें एस्थेरिया हिस्लॉपी. म्हणजे तीन वर्षांच्या आंत एकाच माणसाच्या संग्रहांतून एकाच वंशनामाखालीं दोन जीव नोंदले गेले, एक पंचवीस कोटि वर्षांपूर्वींचा आणि एक त्या सालच्या पावसाळ्यांतला. हे वंशनामहि पुढें टिकलें नाहीं. तें आधींच एका माशीला दिलेलें होतें, असें निघालें! परंतु शिंपल्यांकडे नुसतें पाहिलें तर त्या वेळच्या विद्वानांची चूक झाली असें कोण म्हणेल? वलयें तशींच, आकार तसाच, पातळपणा तसाच.

हिस्लॉप यांचा शेवट पाण्यांतच झाला. ४ सप्टेंबर १८६३ रोजीं टाकळघाटचीं प्राचीन शिळावर्तुळें पाहून परततांना बोरीजवळ पूर आलेल्या प्रवाहांत ते बुडाले.

त्यांच्या नांवाच्या जीवाची कथा मात्र पुढें चालू राहिली. नॉर्वेमध्यें जॉर्ज ओसियान सार्स नांवाचे प्राणिशास्त्रज्ञ होते. दूर देशांतून वाळलेल्या चिखलाच्या पुड्या मागवाव्या, त्या घरच्या कांचपात्रांत भिजवाव्या, आणि काय जन्माला येतें तें पाहावें, असा त्यांचा परिपाठ होता. ऑस्ट्रेलियांतून आलेल्या अशा चिखलांतून जे जीव निघाले ते पाहून सार्स म्हणाले, हा तर नागपुरचा हिस्लॉपी! १८८७ सालीं त्यांनीं त्याच्यासाठीं सायक्लेस्थेरिया हा स्वतंत्र वंश केला. कारण या जीवाच्या चालीरीती इतर थोरल्यांहून निराळ्या आहेत. त्याची मादी पोरांना पाण्यांत न सोडतां आपल्याच शिंपल्यांत वाढविते आणि आईच्या आकाराचीं झालीं म्हणजे बाहेर काढते; दुष्काळीं अंडीं ठेवायचीं तींहि आपल्या शिंपल्याच्या पेटींत ठेवते. नेमक्या याच रीती पाणपिसवांच्या आहेत. आज असें मानतात कीं, पाणपिसवांचें सर्व कुळ आणि हा हिस्लॉपी हे एकाच पूर्वजाचे वंशज. थोरल्याची पाणपिसू कशी झाली असेल, हें ज्याच्या अंगावर वाचतां येतें असा जिवंत कागदच म्हणा ना.

परंतु मुळांत हे जीव डबक्यांत आले केव्हां? कवचधाऱ्यांचें माहेर समुद्र. स्वीडनमध्यें सुमारें पन्नास कोटि वर्षांपूर्वींच्या चुनखडीच्या गोळ्यांतून, आम्लानें चुना विरघळवून, मिलिमीटरभर लांबीचे प्राणी पायांवरच्या केसांसकट निघाले आहेत. त्यांतला रेहबाकिएला हा अन्न गाळून खाणारा, आपल्या थोरल्याच्या गोतांतला असावा असें मत आहे. तो समुद्रवासी होता. आणि स्कॉटलंडांत ऱ्हायनी गांवीं सुमारें चाळीस कोटि वर्षांपूर्वींच्या उष्ण झऱ्यांच्या परिसरांतल्या डबक्यांचे दगड झालेले आहेत. विल्यम मॅकी या गांवगाड्यांतल्या डॉक्टरांना ते १९१२ च्या सुमारास सांपडले. (या इतिहासांत डॉक्टर फार येतात, हें आपल्या ध्यानांत आलेंच असेल.) त्या दगडाच्या पारदर्शक कापांतून स्कॉरफील्ड यांनीं १९२६ सालीं तीन मिलिमीटरांचा लेपिडोकॅरिस वर्णिला. म्हणजे जमिनीवर नुकतीं कोठें गुडघ्याखालच्या उंचीचीं झाडें उगवत होतीं, त्या वेळींच डबक्यांत कवचधारी पोहत होते. धाकट्यांनीं पुढें, दगडी कोळशाच्या काळांत, गोड्या पाण्यांत बिऱ्हाड केलें. आटणारें डबकें हें घर म्हणून वाईट. पण तेथें मासे फारसे टिकत नाहींत, आणि ज्याला मासे खातात त्याला याहून मोठें सुख कोणतें? अंडें वाळवून ठेवण्याची विद्या ज्याला साधली त्याला हें घर कायमचें मिळालें.

येथपर्यंत गोष्ट कशी सरळ दिसते: मांगलीपासून वरोरपर्यंत एकच शिंपला, एकच घराणें. दुर्दैवानें ती इतकी सरळ नाहीं. इंग्लंडांत हेरफर्डशायरमध्यें साडेबेचाळीस कोटि वर्षांपूर्वींच्या ज्वालामुखीच्या राखेंत समुद्रांतले धाकटे मऊ अवयवांसकट सांपडले आहेत. अश्म केसाइतका घासायचा, छायाचित्र घ्यायचें, पुनः घासायचा, असें करीत तो नाहींसा होईपर्यंत जायचें, आणि मग त्या चित्रांतून यंत्रानें प्राणी पुनः उभा करायचा, अशी ती रीत. त्यांतल्या एकाचें वर्णन सिव्हेटर बंधूंनीं सहकाऱ्यांसह २०१३ सालीं केलें, आणि डेव्हिड सिव्हेटर यांच्या दिवंगत पत्नीच्या नांवावरून त्याला पॉलिन असें नांव दिलें. पॉलिनचा शिंपला एका घराण्याचा वाटे. आंतले पाय आणि डोळे दुसऱ्याच घराण्याचे निघाले. नुसत्या शिंपल्यावरून ज्यांनीं वंशावळी रचल्या त्यांच्या पोटांत यानें गोळा आला नसेल तर नवल.

माल्कमसनच्या सबग्लोबोजाचेंहि असेंच झालें. अलीकडे रॉबिन व्हॉटली आणि सुनील बाजपेयी यांनीं दख्खनच्या लाव्हाथरांतले धाकटे नव्यानें तपासले. त्यांना असें दिसलें कीं यांतल्या बहुतेक जाति त्या काळीं हिंदुस्थानाबाहेर कोठेंच नव्हत्या. आपलें खंड तेव्हां समुद्रांत एकटें उत्तरेकडे सरकत होतें, आणि त्याच्या तळ्यांत त्याचे स्वतःचे जीव होते. दगडांतल्या सबग्लोबोजाला आतां पॅरासिप्रेट्टा या वेगळ्या वंशांत घालतात. मग खाचरांतल्या जिवंत धाकट्याजवळ उरलें काय? उसनें नांव.

आणि हिस्लॉपी? त्याच २०१३ सालीं निरनिराळ्या खंडांतल्या सायक्लेस्थेरियांचे आनुवंशिक द्रव्य तपासून शास्त्रज्ञांनीं दाखविलें कीं, बाहेरून हुबेहूब दिसणारा हा एक जीव म्हणजे अनेक जाति आहेत, आणि त्यांच्या वाटा क्रिटेशस काळांतच, म्हणजे आपल्या कातळाचा लाव्हा वाहण्यापूर्वीं किंवा त्या सुमारास, फुटल्या. शिंपला बदलला नाहीं, आंतला प्राणी बदलत राहिला. आतां या भावंडांतला खरा हिस्लॉपी कोणता? नामकरणाच्या नियमाप्रमाणें जो नागपुरचा तो. म्हणजे जगांतल्या सर्व सायक्लेस्थेरियांचें माप नागपुरच्या कुठल्या तरी पाण्यांत आहे, आणि तें पाणी बुजलें तर माप गेलें. मांगलीचा ठसा पेटींत ठेवतां येतो. डबकें पेटींत ठेवतां येत नाहीं. गेल्या कांहीं वर्षांत पुण्याच्या संशोधकांनीं सह्याद्रीच्या सड्यांवरील पावसाळी डबक्यांतले असे जीव नोंदण्याचें काम हातीं घेतलें आहे, ही त्यांतल्या त्यांत समाधानाची गोष्ट.

वरोरच्या शेजारीं वाढवणला मोठें बंदर व्हायचें आहे. त्याचा पायाभरणी समारंभ ३० ऑगस्ट २०२४ रोजीं पालघरला झाला. त्याच्या बऱ्यावाइटाविषयीं बोलण्यास मी येथें बसलों नाहीं. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांनीं आपलें म्हणणें मोठ्यानें मांडलेलें आहेच. खाचरांतल्या धाकट्याथोरल्यांचें म्हणणें मांडायला कोणी नाहीं, इतकेंच मनांत आलें.

निघतांना मीं भाचीला सांगितलें होतें कीं, पाणी आटलें म्हणजे त्या डबक्याच्या तळाचा मूठभर चिखल वाळवून ठेव. फाल्गुनांत तिची पुडी टपालानें आली. आंत भुरी माती, आणि एका कोपऱ्यांत मोहरीच्या निम्म्यानें पांढरे रिकामे शिंपले. नळाचें पाणी दोन दिवस उघडें ठेवून मीं त्यांत ती माती भिजत घातली आणि बरणी खिडकींत ठेवली. आज सकाळीं, तिसऱ्या दिवशीं, उजेडाच्या बाजूला चारपांच ठिपके हालतांना दिसले. त्यांना शिंपली नाहीं. धाकट्याचें पोर जन्मतःच शिंपली घेऊन येतें, तेव्हां हे त्याचे नव्हेत. थोरल्याचे आहेत कीं त्या उड्या मारणाऱ्या तिसऱ्याचे, हें आणखी दोन दिवसांनीं कळेल.